लिनक्स बसत नाही? आधी यंत्राची नाडी पाहा

राजूर (ता. वणी, जि. यवतमाळ) : आपल्या समाजातील छोटा दुकानदार आणि कारागीर आता वहीबरोबरच संगणकावरही हिशेब ठेवू लागला आहे. जी.एस.टी.ची बिले, उधारीची खाती, मालाचे फोटो, शिलाईची मापे असे सारे काही एखाद्या संगणकात किंवा मोबाईलमध्ये साठवलेले असते. तो संगणक बिघडला किंवा मोबाईल हरवला की वर्षानुवर्षांचा हिशेब एका दिवसात नाहीसा होतो. मग गिऱ्हाईक म्हणेल ती बाकी मान्य करावी लागते, नाहीतर भांडण ओढवते.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, असा हुकूम सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे. लिहून ठेवायचे, तर लिहिलेले जपणेही ओघाने आलेच. देशाचा कायदाही तेच सांगतो. जी.एस.टी. कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेबाची कागदपत्रे जपून ठेवावी लागतात. तेव्हा हिशेब ही आपल्याकडची अमानतच होय.

या अमानतीसाठी एक स्वस्त उपाय म्हणजे घरचा सर्व्हर. सर्व्हर या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही. घरातील किंवा दुकानातील एक संगणक सतत चालू ठेवायचा, सर्व फायलींची प्रत त्यात ठेवायची आणि इतर संगणकांना व मोबाईलना ती त्यातून मिळू द्यायची, एवढाच त्याचा अर्थ. यासाठी नवे यंत्र लागत नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० ही सुरक्षा-सोय असलेलेच यंत्र लागते. त्यामुळे चालू स्थितीतील कितीतरी संगणक कोपऱ्यात पडले आहेत. त्यांवर लिनक्स चालू शकते.

लिनक्सची सुरुवात फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली केली. ते फुकट मिळते, आणि त्याची प्रत दुसऱ्याला देण्याची परवानगी त्याच्या परवान्यातच आहे. चोरीच्या सीडीवरून सॉफ्टवेअर घालून त्यावर हलाल रोजीचा हिशेब लिहिणे ज्यांना खटकते, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. ते कमी दर्जाचे आहे असेही नव्हे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघते, तिच्यातील सर्वच यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आहेत. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली ‘बॉस’ नावाचे लिनक्स काढले, त्यात मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांची सोय आहे.

अडचण पुढे येते. उत्साहाने लिनक्स बसवायला घ्यावे, तर काम मध्येच थांबते, स्क्रीन काळी पडते किंवा हार्ड डिस्क दिसतच नाही. मग ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून यंत्र भंगारवाल्याला दिले जाते. पण दोष अनेकदा लिनक्समध्ये नसून यंत्रात असतो, आणि तो क्रमाने शोधला तर सापडतो. मोटारसायकल सुरू होत नसेल, तर चांगला मिस्त्री पहिल्याच झटक्याला इंजिन खोलत नाही. तो आधी पेट्रोल पाहतो, मग प्लग, मग करंट. येथेही तीच रीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते कागदावर लिहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

हात घालण्यापूर्वी

पहिली खबरदारी अशी की, लिनक्स बसवताना हार्ड डिस्कवरील जुना मजकूर पुसला जाऊ शकतो. म्हणून आधी सर्व फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि त्या उघडतात की नाही हे दुसऱ्या संगणकावर पाहावे.

दुसरे, यंत्र ६४-बिटचे असावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२-बिटच्या संगणकावर नव्याने बसवण्याची सोय बंद झाली आहे. इंटेलचे कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे डेस्कटॉप संगणक बहुधा चालतात. फायली ठेवण्यापुरत्या सर्व्हरला २ जी.बी. रॅममध्ये भागते, ४ जी.बी. असली तर उत्तम.

तिसरे, पेन ड्राइव्ह. लिनक्सची फाईल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. रुफस किंवा बलेना-एचर यांसारख्या प्रोग्रॅमने ती लिहावी लागते. फाईल उतरवताना नेट तुटले असेल तर ती अर्धवट राहते. लिनक्सच्या संकेतस्थळावर फाईलबरोबर ‘चेकसम’ नावाचा लांबलचक क्रमांक दिलेला असतो. आपल्या फाईलचा क्रमांक त्याच्याशी अक्षरन्‌अक्षर जुळला, तरच ती शाबूत समजावी. कापडाची गाठ उतरवून घेताना आपण बिलाशी नग ताडून पाहतो, तसेच हे.

उबुंटू किंवा मिंट यांच्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स न बसवताही चालवून पाहता येते. त्याला ‘लाइव्ह’ म्हणतात. स्क्रीन, नेट, की-बोर्ड आणि डिस्क नीट दिसतात का, हे डिस्कला धक्का न लावता कळते. त्यामुळे पहिली तपासणी याच मार्गाने करावी.

पेन ड्राइव्हवरून सुरूच होत नाही

संगणक सुरू होताना एफ-१२, एफ-९, एफ-२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी एक बटण दाबल्यास निवडीची यादी किंवा बायोसची सेटिंग उघडते. कोणते बटण ते कंपनीनुसार बदलते, पण सुरू होताना स्क्रीनच्या कडेला ते बहुधा लिहून येते. यादीतून पेन ड्राइव्ह निवडावा. तो यादीत नसेल, तर पुढच्या बाजूचे पोर्ट सोडून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावून पाहावा. पुढच्या पोर्टची आतली वायर सैल झालेली असू शकते.

सुरू होण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी ‘लेगसी’ आणि नवी ‘यू.ई.एफ.आय.’. पेन ड्राइव्ह एका पद्धतीने चालवला आणि यंत्र दुसऱ्या पद्धतीने सुरू होत असेल, तर लिनक्स बसल्यावरही संगणक ‘डिस्क सापडत नाही’ म्हणून थांबतो. हा घोटाळा नवख्या माणसाला फार छळतो. एकच पद्धत ठरवून शेवटपर्यंत तीच ठेवली की तो टळतो.

बसवताना डिस्कच दिसत नसेल, तर ती मेली असे लगेच समजू नये. बायोसमध्ये डिस्कची पद्धत ‘रेड’ किंवा ‘आर.एस.टी.’ अशी ठेवलेली असेल, तर ती ‘ए.एच.सी.आय.’ करून पाहावी. मात्र त्याच डिस्कवर विंडोज ठेवायचे असेल, तर हा बदल जाणकाराला विचारूनच करावा, कारण त्यानंतर विंडोज सुरू न होण्याचा धोका असतो.

प्रत्येक वेळी तारीख मागे जात असेल आणि केलेली सेटिंग टिकत नसेल, तर मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपलेली आहे. तिचा क्रमांक बहुधा सी.आर. २०३२ असतो आणि ती घड्याळवाल्याकडेही मिळते. ही छोटी गोष्ट नाही. तारीख चुकीची असेल, तर नेटवरून घेतलेल्या सुधारणा लिनक्स नाकारते आणि आपण मात्र नेटला दोष देत बसतो.

काम मध्येच थांबते

येथे कापडाच्या धंद्यातील एक खूण उपयोगी पडते. कापडात दोष ठराविक अंतरावर पुनःपुन्हा येत असेल, तर जाणकार मागाच्या एखाद्या भागाकडे बोट दाखवतो. दोष कुठेही, कसाही येत असेल, तर तो सुताकडे पाहतो. लिनक्स बसवताना काम दरवेळी एकाच जागी थांबत असेल, तर आधी फाईल, पेन ड्राइव्ह किंवा डिस्कवर संशय घ्यावा. दरवेळी वेगळ्याच जागी थांबत असेल, तर रॅम, वीज किंवा उष्णता यांकडे वळावे. हा नियम शंभर टक्के लागू पडेल असे नाही, पण सुरुवात कोठून करावी हे त्यावरून ठरते.

रॅम तपासण्यासाठी ‘मेमटेस्ट८६ प्लस’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो पेन ड्राइव्हवरून चालवून रात्रभर ठेवावा. सकाळी एक जरी चूक दिसली, तरी ती रॅम हिशेबाच्या यंत्रात वापरू नये. एका चुकीने काय होते, असे म्हणून चालत नाही. रॅममध्ये बिघडलेला आकडा डिस्कवर तसाच लिहिला जातो आणि पाचशेची बाकी काय होऊन बसेल याचा भरवसा राहत नाही. दोन पट्ट्या असतील, तर एकेक काढून पुन्हा तपासावे. कधी पट्टी चांगली असते, पण तिच्या पिवळ्या टोकांवर मळ साचलेला असतो. संगणक बंद करून, वीज काढून, पट्टी बाहेर घ्यावी, टोके शाळेच्या मऊ खोडरबराने हळूच पुसावीत, भुकटी झटकावी आणि ‘टक’ आवाज होईपर्यंत पट्टी पुन्हा बसवावी. संगणक सुरू न होता नुसताच ‘बीप बीप’ करीत असेल, तेव्हाही पहिला उपाय हाच.

डिस्कचे दुखणे की वायरचे?

प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. उबुंटूच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवर ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्रॅम असतो, त्यात ही नोंद वाचता येते. तीन ओळींकडे लक्ष द्यावे. ‘रीअलोकेटेड सेक्टर’ म्हणजे खराब झाल्याने डिस्कने बाजूला टाकलेल्या जागा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ म्हणजे वाचता येत नसलेल्या, पण अजून निकाल न लागलेल्या जागा. या दोहोंचे आकडे वाढत असतील, तर डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे. तिच्यावर हिशेब ठेवू नये.

तिसरी ओळ ‘यू.डी.एम.ए. सी.आर.सी. एरर’. फक्त हाच आकडा वाढत असेल, तर डिस्क निर्दोष असून तिला जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब असण्याची शक्यता मोठी असते. केबल बदलल्यावर जुना आकडा पुसला जात नाही, पण तो पुढे वाढायचा थांबतो. डिस्कच्या किमतीपुढे केबलची किंमत काहीच नाही. आपल्या बांधवांनी ही एक ओळ वाचायला शिकली, तरी चांगली डिस्क फेकून नवी घेण्याचा खर्च वाचेल. दुरुस्तीवाल्याने ‘डिस्क गेली’ असे सांगितले, तर ही नोंद दाखवण्याची विनंती करावी. प्रामाणिक कारागीर ती आनंदाने दाखवील.

स्क्रीन काळी, नेट गायब

सुरुवातीची यादी दिसते आणि त्यानंतर स्क्रीन काळी पडते, असे झाल्यास ग्राफिक कार्डाचे जमत नाही असे समजावे. सुरुवातीच्या यादीत इंग्रजी ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत सलग लिहावा आणि एफ-१० दाबावे. त्याने साधी स्क्रीन मिळते. सर्व्हरला चित्रांची ऐट लागत नाही, म्हणून जुने वेगळे कार्ड काढून मदरबोर्डवरच्याच स्क्रीन-पोर्टवर काम भागत असेल, तर तेच करावे. विजेचीही बचत होते.

नेटच्या बाबतीत वाय-फायशी झुंजत बसू नये. सर्व्हर राऊटरला केबलनेच जोडावा. कार्डाला चालण्यासाठी ‘फर्मवेअर’ नावाची कंपनीची छोटी फाईल लागते. पूर्वी डेबियनमध्ये ती वेगळी आणावी लागे. जून २०२३ मधील डेबियन १२ पासून ती बसवण्याच्या फाईलमध्येच येऊ लागली, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला. केबल लावूनही पोर्टचे छोटे दिवे पेटत नसतील, तर आधी केबल आणि राऊटरचे पोर्ट बदलून पाहावे. तरीही नेट नसेल, तर अँड्रॉइड मोबाईल यू.एस.बी. केबलने जोडून त्यातील ‘यू.एस.बी. टेदरिंग’ चालू करावे. लिनक्स त्याला नेटवर्क कार्डासारखे ओळखते आणि तेवढ्यापुरते काम चालून जाते.

चूक दाखवणारा जो मजकूर स्क्रीनवर येतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. डेबियन साध्या अक्षरी पद्धतीने बसवताना ऑल्ट आणि एफ-४ एकत्र दाबले, तर आत काय चालले आहे याची नोंद दिसते. ‘आय-ओ एरर’ असे शब्द पुनःपुन्हा दिसले, तर डिस्क, केबल किंवा पेन ड्राइव्ह यांपैकी एक दोषी आहे. जाणकाराला ‘चालत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा हा फोटो दाखवला, तर त्याचा आणि आपला वेळ वाचतो.

धूळ, ऊन आणि वीज

पुस्तकात न सापडणारे, पण आपल्या भागात नेहमीचे असे तीन शत्रू आहेत. राजूर आणि वणीचा परिसर कोळशाच्या खाणींचा आणि चुनाभट्ट्यांचा आहे. हवेत कोळशाची आणि चुन्याची भुकटी असतेच. कापडाच्या किंवा शिलाईच्या दुकानात त्यात कापसाचे तंतू मिसळतात, आणि पंख्याखाली गोधडीसारखा थर जमतो. त्यात मे महिन्यात विदर्भाचे ऊन ४५ अंशांपर्यंत जाते. मग प्रोसेसर तापतो, आधी मंद होतो आणि शेवटी यंत्र आपोआप बंद पडते. दुपारी बंद पडणारे यंत्र पहाटे नीट चालत असेल, तर उष्णतेचाच संशय घ्यावा. वीज काढून, खोके उघडून, ब्रश आणि ब्लोअरने धूळ काढावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ओले फडके वापरू नये. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल, तर जुनी पुसून नवी लावावी. सर्व्हर जमिनीवर न ठेवता उंच फळीवर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावा. ठाण्यांच्या ढिगात तर मुळीच ठेवू नये.

विजेचे दुखणे ओळखणे सर्वांत अवघड. काम वाढताच यंत्र अचानक पुन्हा सुरू होत असेल, तर एस.एम.पी.एस. म्हणजे वीज पुरवणारा डबा थकलेला असू शकतो. दुरुस्तीवाल्याकडील खात्रीचा डबा तासभर लावून पाहिला की निकाल लागतो. हा डबा स्वतः कधीही उघडू नये, वीज काढल्यावरही त्यात भार शिल्लक राहतो. मदरबोर्डवरील छोट्या दंडगोल कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, तर त्या यंत्राचा नाद सोडावा. खोक्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर संगणकवाल्याऐवजी आधी वायरमनला बोलवून अर्थिंग तपासावे.

यू.पी.एस. शिवाय सर्व्हर चालवू नये. यू.एस.बी. केबल असलेला यू.पी.एस. घेतला, तर ‘नट’ नावाच्या मोफत प्रोग्रॅममुळे बॅटरी संपत आली की लिनक्स स्वतःहून रीतसर बंद होते. वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशी सोयही बहुतेक बायोसमध्ये असते. जुन्या लॅपटॉपचाही सर्व्हर होऊ शकतो, त्याची बॅटरीच यू.पी.एस.चे काम करते. मात्र बॅटरी फुगलेली असेल, तर ती ताबडतोब काढावी. तेथे आगीचा धोका आहे.

हिशेब केव्हा सोपवावा?

लिनक्स बसले म्हणजे काम झाले, असे नव्हे. नव्या नोकराच्या हाती आपण पहिल्याच दिवशी गल्ल्याची किल्ली देत नाही. त्याचप्रमाणे सर्व्हर निदान आठ दिवस नुसता चालू ठेवावा. त्यावर निरुपयोगी मोठ्या फायली टाकाव्यात आणि परत वाचाव्यात. दोन-तीनदा रीतसर बंद करून सुरू करावा. ‘स्मार्ट’चे आकडे पहिल्या दिवशी लिहून ठेवून आठव्या दिवशी ताडून पाहावेत. या परीक्षेत जे यंत्र अडखळते, त्याने आपले नुकसान केले नाही. हिशेब हाती घेण्यापूर्वीच त्याने आपली कमजोरी सांगितली, हा त्याचा उपकारच समजावा.

टॅली हा प्रोग्रॅम विंडोजसाठी बनलेला आहे. तो विंडोजच्या संगणकावरच चालू द्यावा आणि त्याचा बॅकअप रोज संध्याकाळी सर्व्हरवर उतरवावा. लिनक्समधील ‘सांबा’ या सोयीमुळे सर्व्हरवरचा फोल्डर विंडोजमध्ये नेहमीच्या फोल्डरसारखा दिसतो. इतके करूनही सर्व्हरवर एकट्यावर विसंबू नये. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुकानाबाहेर, घरी किंवा नातेवाइकांकडे असावी. दुकानाला आग लागली किंवा चोरी झाली, तर बाहेरची प्रतच कामाला येते.

आपल्या वस्तीत हातात हुनर असलेली मुले पुष्कळ आहेत. कोणी मोटारी दुरुस्त करतो, कोणी मोबाईल. त्यांपैकी दोघा-तिघांनी वर सांगितलेला क्रम शिकून घेतला, तर प्रत्येक दुकानाचा जुना संगणक हिशेबाचा राखणदार होऊ शकेल आणि त्या मुलांना इन्शाअल्लाह एक नवी रोजीही मिळेल. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. एक स्क्रू-ड्रायव्हर, दोन पेन ड्राइव्ह, एक जादा साटा केबल, एक वही आणि भरपूर सबर, एवढ्यावर आजच सुरुवात करता येईल.